हेतू स्पष्ट असावा

सोहारच्या बंदरामागं, कॅम्प नंबर चारच्या मेसमध्ये
रात्री साडेदहाला आम्ही डबा उघडला.
खजुराचा पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेली,
आतून अजून चिकट. काही चिठ्ठ्या सोलून काढाव्या लागल्या.

निवडणूक मेस कमिटीच्या सेक्रेटरीची:
दिलावर परकार, मुक्काम खेड, वेल्डर;
सुगुणन, स्टोअरवाला;
टेकबहादूर पुन, स्कॅफोल्डिंग.
इथं आमच्यापैकी कुणाला दुसरं कसलंच मत नाही.
गावाकडच्या यादीत नावं आहेत.
त्या दिवशी शेजारी सांगतात, तो बाहेर असतो.

नियम मी टाइप केलेले:
हव्या त्या नावापुढं फुली.
फुली एकच. चौकोनाच्या आत.
आणि खाली, कुठल्याशा जुन्या पुस्तिकेतून उचललेलं,
मला फार आवडलेलं वाक्य:
खुणेवरून मतदाराचा हेतू स्पष्ट असावा.

पहिल्या चाळीस चिठ्ठ्या शहाण्यासारख्या निघाल्या.
मग एक बरोबरची खूण. चालेल, म्हणाले तिघंही.
एक गोल. चालेल.
एकानं पुनच्या नावाखाली दोन रेघा ओढून लिहिलं होतं,
भाई, दाल पतली मत करना.
याहून स्पष्ट हेतू मी जन्मात पाहिला नाही.
एका चिठ्ठीवर नुसता पिवळा अंगठा,
परकार आणि सुगुणन यांच्या मधल्या रेघेवर, बरोब्बर मधे.
ही खूण, की जेवण?
सुगुणननं ट्यूबलाइटकडे धरून पाहिलं, वास घेतला,
म्हणाला, सांबार नाही हे.
हसलो सगळे. बाद.

परकार बावन्न. सुगुणन बावन्न. पुन एकोणीस.
आणि डब्याच्या तळाला चिकटलेली एक चिठ्ठी.
तिच्यावर दोन फुल्या:
एक सुगुणनपुढं, एक पुनपुढं.
परकारचा चौकोन कोरा. पुसल्यासारखा स्वच्छ.

नियमानं दोन फुल्या म्हणजे बाद.
मी तसं म्हणणारच होतो,
पण ती फुली ओळखीची निघाली.
डावी रेघ लांब, उजवी घाईची, टोकाशी वळलेली.
माझ्या वळणाची.

अकरा वर्षं मी हजेरीपट भरतो.
या कॅम्पात फुली माझी आहे.
फुली म्हणजे आला नाही. फुली म्हणजे दिवस कापला.
महिनाअखेरीला माणसं खिडकीपाशी वाकतात
आणि माझ्या वहीतलं तेवढंच एक अक्षर
उलट्या बाजूनं वाचतात.
त्याआधी शाळेत, पाटीवर, उत्तर चुकलं की तीच.
आणि अशा माणसाला मी कागद लावून कळवलं,
जो हवा त्याच्यावर फुली मार.

मी म्हणालो, हे मत परकारचं आहे.
यानं नको ते दोघं खोडलेत.

परकारनं चष्मा कपाळावर सरकवला,
चिठ्ठी हातात न घेता नुसती वाकून पाहिली.
की त्याला हे दोघं हवेत, म्हणाला, आणि मी नको.
हेतू आहे रे स्पष्ट.
कुठला, ते आपल्याला कळत नाही एवढंच.

पुन म्हणाला, विचारू या का खोलीखोलीत जाऊन?
कुणी उत्तर दिलं नाही.
गुप्त मतदान, हेही मीच टाइप केलं होतं.

नावं टाकून चिठ्ठी उचलली. सुगुणन निघाला.
परकारनं सगळ्यांसाठी लेमन टी मागवला
आणि डबा धुवायला स्वतः घेऊन गेला.

पहाटे पावणेपाचला बस. खिडकीपाशी रांग.
एकशे अडतिसावं नाव आलं नाही.
दोनदा हाक मारली. ताप असेल, कुणीतरी मागून म्हणालं.
पेन चौकोनावर टेकवलं,
डावी रेघ ओढली, लांब, नेहमीसारखी.
दुसरी ओढायला हात उचलला, तेवढ्यात बसनं हॉर्न दिला.

ती तिरकी रेघ अजून तिथं एकटीच आहे.
महिनाअखेरीला अकाउंट्समधून फोन येईल:
ही कसली खूण?